आम्ही दोघी जावा आणि जपानी सिनेमा

आम्ही दोघी जावा. थोरली गेली वीस वर्षे शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, धाकटी घरी शिलाईचे काम करते. हा लेख थोरलीने लिहिला आहे, पण मते दोघींची आहेत. धाकटीला जिथे पटले नाही तिथे तिने सरळ पेन फिरवला आहे. तेव्हा इथून पुढे 'आम्ही' म्हटले की दोघी, असेच समजावे.

घरात टीव्ही असावा की नसावा, सिनेमा बघावा की बघू नये, यावर आपल्यात मतभेद आहेत आणि राहतील. आम्ही त्या वादात पडत नाही. रमजानभर आमचा टीव्ही चादरीखाली असतो, एरवी इशानंतर सगळी कामे उरकली की तास-दीड तास आम्ही बसतो. आणि बसतो ते बहुतेक जपानी सिनेमा बघायला. मोहल्ल्यात हसतात. "तुम्हाला दुसरं काही मिळत नाही का?" असे विचारतात. आता त्याचेच उत्तर द्यावे म्हणून हा खटाटोप.

सुरुवात २०२० च्या लॉकडाऊनमध्ये झाली. थोरलीचा मुलगा जपानी कार्टूनचा वेडा. एका रात्री त्याने कुठेतरी वाचले की जगातल्या उत्तम चित्रपटांत 'टोकियो स्टोरी'चे नाव घेतात, म्हणून तो लावला आणि दहा मिनिटांत स्वतः घोरू लागला. आम्ही दोघी मात्र बसून राहिलो. चित्र काळे-पांढरे, १९५३ सालचे. खाली इंग्रजी ओळी येत होत्या. धाकटीचे शिक्षण उर्दू माध्यमातून दहावीपर्यंत, धावते इंग्रजी तिला झेपत नाही. मग थोरलीने वाचायचे, आमच्या दखनीत सांगायचे, आणि ओळ निसटली की सिनेमा थांबवायचा. सव्वादोन तासांचा सिनेमा आम्ही दोन रात्रींत पुरा केला. आजही आमची पद्धत तीच आहे. तिचा एक फायदा पुढे लक्षात आला. थोरलीची नजर कायम खालच्या ओळीवर असते, धाकटीची चेहऱ्यावर. त्यामुळे गोष्ट काय झाली ते थोरली सांगते, आणि नट कसा आहे ते धाकटी.

'टोकियो स्टोरी'ची गोष्ट म्हणाल तर काहीच नाही. ओनोमिची नावाच्या समुद्राकाठच्या गावातून म्हातारा-म्हातारी टोकियोला मुलांकडे जातात. मोठा मुलगा डॉक्टर, मुलीचे केस-सजावटीचे दुकान. दोघांनाही वेळ नाही. आईबापांना ते अतामी नावाच्या गरम झऱ्याच्या गावी पाठवून देतात, तिथे रात्रभर गोंगाट, झोप नाही, म्हणून म्हातारे परत येतात तर मुलीच्या कपाळाला आठ्या. खरी सेवा करते ती लढाईत मेलेल्या मुलाची विधवा बायको, नोरिको. गावी परतल्यावर आई मरते. मुलगी येताना मातमाचे कपडे आधीच बरोबर घेऊन आलेली असते, आणि मय्यत उरकते न उरकते तोच आईची अमुक साडी मला द्या म्हणते. साडी नव्हे, किमोनो, पण आम्हाला साडीच ऐकू आली. आमच्या घरातही अम्मींच्या जियारतीच्या दिवशी पाटल्यांचा विषय निघाला होता. कोणी काढला ते लिहिणार होतो, धाकटीने खोडले.

त्यात धाकटी बहीण क्योको आहे, ती शाळेत शिक्षिका. थोरले असे कसे वागतात म्हणून ती चिडते, आणि विधवा भावजय तिला समजावते की हळूहळू सगळेच असे होतात. थोरलीला ती क्योको फार जवळची वाटली. वर्गात आम्ही माँ-बाप की खिदमत शिकवतो आणि पेपर तपासायचे आहेत म्हणून सासूचे बोलणे अर्धे ऐकतो.

बापाचे काम चिशू र्यू यांनी केले आहे. तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते, आणि सत्तरीचे वाटतात. पांढऱ्या केसांमुळे नव्हे, बसण्यामुळे. ते फक्त हुंकार देतात, मान हलवतात, पंख्याने वारा घेतात. धाकटी म्हणाली, "भाभी, इनो बोले कुछ नई, पर दिल तोड दिये." नोरिकोचे काम करणारी सेत्सुको हारा. तिचे हसू बघून सुरुवातीला आम्हाला वाटले, ही जरा जास्तच हसते. शेवटी कळते की ते हसू म्हणजे तिचा पडदा आहे. साठीच्या दशकाच्या सुरुवातीलाच तिने सिनेमा सोडला तो कायमचा. २०१५ मध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी वारली, पण मधल्या पन्नास वर्षांत कॅमेऱ्यासमोर आली नाही. आजच्या जमान्यात एवढा संयम कोणाला जमेल? दिग्दर्शक यासुजिरो ओझू कॅमेरा जमिनीलगत ठेवतात, चटईवर बसलेल्या माणसाला दिसेल तसा. जाणकार त्याबद्दल बरेच काही लिहितात. आम्हाला त्यात नवल वाटले नाही, कारण आम्हीही सतरंजीवरच बसलो होतो आणि आमचे दस्तरखानही खालीच असते.

आता थोडे कडू मत. घरातल्या पुरुषांना कुरोसावा आवडतात आणि त्यातही तोशिरो मिफुने. 'सेव्हन सामुराई' साडेतीन तासांचा आहे, १९५४ चा, आणि त्याला नावे ठेवली तर लोक अंगावर येतात. आम्ही दोनदा प्रयत्न केला, दोनदा झोप लागली. मिफुने सारखा ओरडतो, उड्या मारतो. आम्हाला त्याच सिनेमातले म्होरके ताकाशी शिमुरा आवडले, आणि त्याहून जास्त ते 'इकिरू'मध्ये. त्यात ते तीस वर्षे सरकारी कचेरीत शिक्के मारणारा अधिकारी आहेत. पोटाचा कॅन्सर झाल्याचे कळते तेव्हा ध्यानात येते की आपण काहीच केले नाही, आणि मग ते मुलांसाठी एक बाग करून घेण्यामागे लागतात. या टेबलावरून त्या टेबलावर. शाळेच्या संडासाच्या दुरुस्तीसाठी ज्याने कोणी अर्ज फिरवले आहेत त्याने हा सिनेमा जरूर बघावा.

मालिकांपैकी 'ओशिन'चे नाव तर अनेकांनी ऐकले असेल. १९८३ ते १९८४, रोज पंधरा मिनिटे, जवळजवळ तीनशे भाग. एकाच बाईचे आयुष्य तीन अभिनेत्रींनी वाटून घेतले. आमचे मत विचाराल तर लहान ओशिन झालेली आयाको कोबायाशी सर्वांत सरस. तांदळाच्या पोत्याच्या मोबदल्यात चाकरीला पाठवलेली ती पोर एवढे कमी रडते की बघणारा रडतो. पुढे लग्नानंतर सासूचा छळ सुरू होतो तिथे मात्र आपल्याकडच्या मालिकांची आठवण येऊन आम्ही कंटाळलो. इराणमध्ये ऐंशीच्या दशकात, लढाईच्या काळात, ही मालिका घराघरांत बघितली जाई. ओशिनच्या सासरचे आडनाव तानोकुरा, त्यावरून तिकडे जुन्या कपड्यांच्या बाजाराला 'तानाकुरा' म्हणू लागले. फारसी भाषेत जपानी सासर घुसले, हे उर्दूच्या मास्तरणीला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आणखी एक हलकी मालिका आम्ही जेवताना बघतो, 'सॉलिटरी गुर्मे'. युताका मात्सुशिगे नावाचा उंच, सुटातला नट. काम संपले की त्याला भूक लागते, तो एकटाच हॉटेल शोधतो आणि जेवतो. झाले, एवढेच. त्यातले निम्मे पदार्थ आपल्याला चालणारे नाहीत हे खरे. पण हा इसम दारू पीत नाही, त्याला ती सोसतच नाही. आजूबाजूला सगळे पेले भरत असताना तो चहा मागवतो आणि कोणाची माफी मागत नाही. धाकटीच्या मते जपानी पडद्यावरचा हा सर्वांत सभ्य माणूस.

पण आमची खरी लाडकी किरिन किकी. 'स्टिल वॉकिंग' या २००८ च्या सिनेमात ती आई आहे. दिग्दर्शक हिरोकाझू कोरे-एदा. थोरला मुलगा एका पोराला बुडताना वाचवायला गेला आणि स्वतः गेला. दर वर्षी त्याच्या बरसीला आई त्या वाचलेल्या पोराला घरी बोलावते. तो आता जाडा, घामेजलेला तरुण आहे, संकोचाने मरतो. दुसरा मुलगा म्हणतो, पुरे झाले, त्याला सोड. आई विणकाम करत करत शांतपणे सांगते की त्याला वर्षातून एकदा तरी त्रास झालाच पाहिजे, म्हणून तर बोलावते. सुई थांबत नाही. दुपारी मक्याची भजी तळणारी, सगळ्यांना वाढणारी हीच बाई! आम्ही सिनेमा थांबवून एकमेकींकडे बघितले. पडद्यावरच्या आया एक तर देवता असतात नाहीतर राक्षसीण. घरातल्या तशा नसतात, हे आम्ही तिच्याकडून पहिल्यांदा बघितले.

२०१३ मध्ये तिने जाहीर सांगितले की कॅन्सर अंगभर पसरला आहे, आणि कामे घेत राहिली. 'आन' नावाच्या २०१५ च्या सिनेमात ती तोकुए नावाची म्हातारी आहे, तरुणपणी महारोग झाल्यामुळे आयुष्यभर वसाहतीत कोंडलेली. बोटे वाकडी झालेली. ती एका छोट्या दुकानात गोड पोळीचे लाल कडधान्याचे सारण शिजवायला येते आणि दाण्यांशी बोलत बसते. त्यात शाळकरी मुलगी आहे ती तिची खरीखुरी नात. 'शॉपलिफ्टर्स'मध्ये ती समुद्रकिनारी बसून खेळणाऱ्या माणसांकडे बघते आणि तिचे ओठ आभाराचे शब्द हलवतात, आवाज येत नाही. ते शब्द पटकथेत नव्हते, असे कोरे-एदा यांनी सांगितले आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये ती वारली.

आणि आता तो सिनेमा, ज्याच्यासाठी एवढे लिहिले. 'डिपार्चर्स', २००८ चा, दिग्दर्शक योजिरो ताकिता. २००९ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले. नायक मासाहिरो मोतोकी हा किरिन किकीचा जावई, आणि तोही घरजावई, सासरचे आडनाव घेतलेला. हे कळल्यावर तो आम्हाला नात्यातलाच वाटू लागला.

गोष्ट अशी. डाइगो टोकियोत वाद्यवृंदात चेलो वाजवतो. वाद्यवृंद बंद पडतो. तो बायकोला घेऊन यामागाता प्रांतातल्या आपल्या गावी येतो, पेपरातल्या जाहिरातीवरून नोकरीला जातो. 'प्रस्थान' असे काहीसे वाचून त्याला वाटते प्रवासाची कंपनी असेल. निघते काय, तर मय्यतीला पुसून, कपडे घालून पेटीत ठेवण्याचे काम. बायकोला हे कळते तेव्हा ती त्याला नापाक म्हणून झिडकारते आणि माहेरी जाते. बालमित्र तोंड फिरवतो. जपानमध्ये मृत्यूला हात लावणाऱ्याला जुन्या काळापासून कमी लेखत आले आहेत.

आम्ही हा सिनेमा बघायला घाबरत होतो. कारण सांगायला हवे. २०१६ मध्ये आमच्या सासूबाई, अम्मी, अल्लाहला प्यारी झाल्या. गुस्लाची वेळ आली तेव्हा मोहल्ल्यातल्या खाला आल्या. चाळीस वर्षे आमच्या भागातल्या बायकांना गुस्ल देणाऱ्या त्याच. आडोशाला चादर बांधून झाली, बोरीचा पाला टाकून पाणी गरम झाले, आणि त्यांनी विचारले, "सुना कुठायत?" थोरली दारात यासीन शरीफ उघडून बसली. धाकटी चुलीजवळून हलली नाही, पाणी तापवत राहिली. दोघीही घाबरलो होतो. ज्या हातांनी आम्हाला बाळंतपणात न्हाऊ घातले ते हात थंड झाले आणि आम्हाला त्यांना शिवायचे धैर्य झाले नाही. खालांनी शेजारच्या बाईला बोलावून घेतले. आम्ही चादरीमागून पाण्याचा आवाज ऐकत होतो. त्यावर आम्ही दोघी एकमेकींशी कधी एक शब्दही बोललो नव्हतो.

सिनेमात मोतोकी ते काम करतो ते घरच्यांच्या समोर, पण अंग कोणाला दिसू देत नाही. कपड्याच्या आतून हात घालून पुसतो, एक कपडा निघतो तोवर दुसरा आलेला असतो. आपल्याकडे जसा सतर सांभाळतात तसाच. धाकटी म्हणाली, "शिवणाऱ्याचे हात आहेत ह्याचे." तिने कुणाला याहून मोठी शाबासकी दिलेली आम्हाला आठवत नाही. या नटाने तरुणपणी भारतात येऊन वाराणसीचे घाट बघितले, मग हे काम करणाऱ्या एका माणसाची रोजनिशी वाचली, आणि यावर सिनेमा व्हावा हे त्याच्या मनाने घेतले. हे काम आणि चेलो दोन्ही तो शिकला.

त्रुटी नाहीत असे नाही. डोंगरासमोर बसून चेलो वाजवतो ते लांबते, आणि बायको झालेली रिओको हिरोसुए सारखी गोड दिसायचा प्रयत्न करते. मालक झालेले त्सुतोमु यामाझाकी मात्र एका भुवईने सिनेमा पेलतात.

शेवटी डाइगोच्या बापाच्या मृत्यूची तार येते. तोच बाप, जो तो सहा वर्षांचा असताना घर सोडून गेला. प्रेत उचलायला आलेली माणसे घाईने आटपू लागतात. डाइगो त्यांना बाजूला करतो आणि स्वतः करतो. दाढी करतो. मिटलेल्या मुठीतून त्याने लहानपणी दिलेला गुळगुळीत खडा निघतो. थोरलीचे वाचणे थांबले. धाकटीने "काय म्हणतोय?" असे विचारले नाही. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "बापाने टाकलं त्याला. तरी त्यानेच केलं." त्यापुढचे तिने म्हटले नाही, थोरलीनेही नाही. सात वर्षांत पहिल्यांदा आम्ही त्या रात्री अम्मींच्या गुस्लाबद्दल बोललो. फजरची अजान होईपर्यंत बोलत होतो.

त्यानंतर आम्ही जे केले ते ऐकून काहींना हसू येईल. आम्ही खालांना घरी बोलावले आणि तो सिनेमा दाखवला. खाला आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांना गोष्टीत रस नव्हता. पडद्यावर पुरुष बाईच्या मय्यतीला पुसतो हे बघून "तौबा, तौबा, घरात बाई नाही काय यांच्या?" म्हणाल्या, आणि ते रास्तच आहे. पाणी कमी वापरतात, नुसते पुसतात, हे त्यांना पटले नाही. तोंडाला रंग लावतात तेही नाही. पण मोतोकीच्या हातांकडे त्या टक लावून बघत होत्या. "पोरगा घाई करत नाही," म्हणाल्या. "आजकालच्या बाया घाई करतात." मग विचारले, पुढे कुठे दफन करतात? आम्ही सांगितले, दफन नाही, जाळतात. जपानमध्ये शंभरातल्या नव्व्याण्णवांहून जास्त मय्यती जाळतात. तिथल्या मुसलमानांना कब्रस्तानाला जागा मिळवताना नाकी नऊ येतात. ओइता प्रांतात हिजी नावाच्या गावाशी जागेवरून वर्षानुवर्षे वाद चालला. खाला बराच वेळ गप्प बसल्या आणि त्या लोकांसाठी हात उचलून दुआ केली.

जाताना दारात चपला घालत म्हणाल्या, "माझे हात आता थरथरतात. कोणी शिकायला येत नाही."

आम्ही गेलो. शाळा सुटल्यावर, आठवड्यातून दोन दिवस. खालांनी लोडावर चादर टाकून दाखवले. आधी वजू, मग डोके, मग उजवी बाजू, मग डावी. धुणे विषम वेळा. बोरीचा पाला आधी, कापूर शेवटच्या पाण्यात. पैगंबर (स.) यांच्या साहेबजादीच्या गुस्लासाठी उम्मे अतिय्या (रजि.) यांना हीच तालीम मिळाली होती, हे थोरलीने वर्गात अनेकदा सांगितले आहे. लोडावर तिचा हात मात्र चुकायचा. बाईच्या कफनाचे पाच कपडे धाकटीने एका दिवसात शिकून घेतले. तिला अवघड एवढेच वाटले की त्याला शिलाई नसते. कपडा कापला की तिचा हात आपोआप मशीनकडे जायचा.

गेल्या शाबानमध्ये एका सकाळी खालांचा निरोप आला, दोघी या. मागच्या गल्लीतली एक म्हातारी, दोन सुना, दोघी कोपऱ्यात उभ्या. खाला स्टुलावर बसून सांगत होत्या, धाकटीने चादर धरली, थोरलीने पाणी घातले. "हळू," खाला म्हणाल्या, "तिला ऐकू येतंय असं समज." मधेच धाकटीने कोपऱ्यातल्या एका सुनेकडे बघून मानेने खूण केली. ती आली. दुसरी नाही आली. तिला आम्ही काही म्हटले नाही.

घरी येऊन आम्ही न्हालो, जोहरची नमाज पढली. रात्री इशानंतर आदल्या दिवशी अर्धा राहिलेला 'आन' पुढे लावला. आमचा तो तिसऱ्यांदा चालला होता. तोकुए वाकड्या बोटांनी पातेल्यातले दाणे हलवत होती, वाफेवर वाकून त्यांच्याशी बोलत होती. खाली ओळी येत-जात होत्या. थोरलीने त्या वाचल्या नाहीत, तीही हातांकडेच बघत बसली.